क्वांटम संगणकात पोट भरेल का?

"सर, पोरगी म्हणते क्वांटम कॉम्प्युटर बनवायचाय. ह्याच्यात पोट भरंल का?" जिंतूरकडच्या एका वडिलांचा हा प्रश्न. ज्यांचं वर्ष सोयाबीनच्या भावावर ठरतं, त्यांनी तो विचारायलाच हवा.

आधी हे काम पाहू. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत क्वांटम चिप शून्याखाली जवळपास २७३ अंशांवर ठेवतात. त्यासाठीचं शीतयंत्र मडक्यांची उतरंड उलटी टांगावी तसं दिसतं: वर मोठी तबकडी, खाली लहान होत गेलेल्या. २०२४ मध्ये तिथल्या सहा क्युबिटच्या (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातला माहितीचा एकक) प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाली. चिप टीआयएफआरची, नियंत्रणाच्या इलेक्ट्रॉनिक्सची जुळणी पुण्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेची, क्लाउडवरचं सॉफ्टवेअर टीसीएसचं. म्हणजे भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि कोडिंग, तिन्हींना इथे काम आहे.

आता पैसा. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं: २०३०-३१ पर्यंत ६,००३.६५ कोटी रुपये. संगणनाचं केंद्र बंगळूरच्या आयआयएससीत, सेन्सिंगचं आयआयटी मुंबईत. प्रकल्प मिळतो प्राध्यापकाला. त्यातून यंत्रं येतात आणि संशोधक विद्यार्थ्यांना काम मिळतं.

विद्यार्थ्याचा हिशेब असा. बारावीला बोर्डात पहिल्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान घेतलं, तर 'इन्स्पायर' शिष्यवृत्तीची तरतूद वर्षाला ८० हजारांची. एम.एस्सी.नंतर नेट-जेआरएफ मिळाली, तर पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार, शिवाय नियमानुसार घरभाडे. इथे संशोधनासाठी घरातून पैसे घालावे लागत नाहीत, उलट मिळतात.

पण पालकांनो, दुसरी बाजूही ऐका. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात, फेलोशिप कधी उशिरा जमा होते, कायम नोकऱ्या मोजक्याच. म्हणून प्रोग्रॅमिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स हाताशी पक्कं असू द्या. ते कुठेही कामी येतं.

वेगळ्या वाटेवर सरकारी पैसा लागला की काय होतं, हे आपण पाहिलेलं आहे. अमेरिकेने महासंगणक द्यायला नकार दिला, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था उभी राहिली. एकच महागडा प्रोसेसर न घेता अनेक ट्रान्सप्युटर चिप एकत्र राबवून १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. त्या कामाचे प्रमुख विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे.

लातूरच्या क्लासला मूल घालताना जेईई-नीटसोबत आयसर आणि नायसर या मूलभूत विज्ञानाच्या संस्थांच्या आयएटी आणि नेस्ट, या दोन प्रवेश परीक्षांचे अर्जही भरा. अभ्यासक्रम बराचसा तोच आहे. बी.एस्सी. परभणीतच केली, तरी पुढे 'जॅम' ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येतं.

त्या वडिलांना मी सांगितलं: पोट भरेल, पण वेळ लागेल. तेवढा वेळ पोरीला द्या.