शारीरिक अवशेषांची विल्हेवाट : ग्रामीण आरोग्यसेवेची एक दुर्लक्षित बाजू

अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर मार्गावर, नेवासे तालुक्यात, घोडेगाव हे बाजारगाव वसलेले आहे. शनिशिंगणापूरला जाणारा रस्ता येथूनच फुटतो. जनावरांच्या व कांद्याच्या बाजारामुळे गावात सतत वर्दळ असते. अशा गावांत आरोग्यसेवेचा विस्तार होणे स्वागतार्ह आहे. तथापि, त्या विस्ताराबरोबरच ग्रामसभेत क्वचितच चर्चिला जाणारा एक प्रश्न उभा राहतो. प्रसूतीनंतरची वार, शस्त्रक्रियेत काढलेला अवयव, गर्भपातानंतरचे अवशेष यांचे पुढे काय होते?

पूर्वी बाळंतपण घरीच होई व सुईण वार परसात खोल पुरीत असे. एका घरची एक वार, यापुरती ती रीत पुरेशी होती. आता बाळंतपणे रुग्णालयांत होतात आणि असे अवशेष एकाच जागी वारंवार साठतात. ते उकिरड्यावर गेले तर कुत्री, माशा व उंदीर यांच्याद्वारे रोगप्रसार होतो. विहिरीचे पाणी दूषित होऊ शकते. सर्वांत मोठा धोका मात्र पिशवी उचलणाऱ्या सफाई कामगाराला असतो.

नोंद का महत्त्वाची

मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे गर्भपाताच्या वेळी एका विवाहितेचा मृत्यू झाला. त्या तपासात ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले. जानेवारी २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यातील आर्वी येथे एका खाजगी रुग्णालयाच्या गोबरगॅस संयंत्राच्या जागी ११ कवट्या व ५४ हाडे आढळली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ साली देशात सर्वप्रथम कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला या घटना अंतर्मुख करणाऱ्या आहेत. अवशेषांची विल्हेवाट हा केवळ स्वच्छतेचा प्रश्न नाही, हे त्यांवरून स्पष्ट होते. जेथे प्रत्येक पिशवीचा हिशेब ठेवला जात नाही, तेथे गुन्हा मातीआड करणे सोपे जाते.

नियम काय सांगतात

या विषयावरील पहिले केंद्रीय नियम १९९८ साली झाले व त्यांची जागा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली. खाटा असोत वा नसोत, प्रत्येक दवाखाना, रुग्णालय, प्रयोगशाळा व पशुवैद्यकीय संस्था यांच्या कक्षेत येते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र घेणे सर्वांस बंधनकारक आहे.

मानवी ऊती, अवयव व वैद्यकीय गर्भपातातील अवशेष क्लोरिनविरहित प्लास्टिकच्या पिवळ्या पिशवीत, निर्मितीच्या जागीच वेगळे ठेवावयाचे असतात. पिशवीवर बारकोड असावा लागतो. प्रक्रिया न केलेले अवशेष ४८ तासांहून अधिक काळ साठविता येत नाहीत. ७५ किलोमीटरच्या आत सामूहिक प्रक्रिया केंद्राची सेवा उपलब्ध असल्यास रुग्णालयाने स्वतःची भट्टी उभारू नये, असा नियम आहे. केंद्रातील दाहक भट्टीच्या पहिल्या कक्षात किमान ८०० अंश व दुसऱ्या कक्षात सुमारे १०५० अंश सेल्सिअस तापमान राखावे लागते. आवारात रॉकेल टाकून अवशेष जाळणे म्हणूनच धोक्याचे व बेकायदेशीर ठरते.

खोल दफन : केवळ अपवाद

सामूहिक केंद्राची सेवा पोहोचत नाही अशा ग्रामीण वा दुर्गम भागातच, पूर्वपरवानगीने, खोल दफनाची मुभा आहे. खड्डा सुमारे दोन मीटर खोल असावा. प्रत्येक वेळी अवशेषांवर १० सेंटिमीटर मातीचा थर द्यावा. खड्डा निम्मा भरल्यावर पृष्ठभागापासून ५० सेंटिमीटरपर्यंत चुना भरून उरलेला भाग मातीने बुजवावा. वर जाळी वा पत्र्याचे झाकण असावे. भूजलपातळी खड्ड्याच्या तळापासून किमान सहा मीटर खाली असणे आवश्यक आहे. जागा वस्ती, उथळ विहीर व पूरक्षेत्र यांपासून दूर असावी आणि दफनाची नोंद ठेवावी. विहिरीच्या पाण्यावर जगणाऱ्या गावांनी या अटींकडे विशेष लक्ष पुरविले पाहिजे.

गोठ्यातील दक्षता

म्हशींच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या घोडेगावच्या परिसरात आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. सांसर्गिक गर्भपात, म्हणजेच ब्रुसेलोसिस, झालेल्या जनावराचा गर्भ व वार यांत रोगजंतू मोठ्या प्रमाणात असतात. हा रोग माणसालाही जडतो. असे अवशेष उघड्या हातांनी हाताळू नयेत. ते कुत्र्यांपुढे वा ओढ्यात टाकू नयेत. हातमोजे घालून, चुना टाकून ते खोल पुरावेत व पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांस कळवावे.

ग्रामपंचायतीचे कर्तव्य

गावातील प्रत्येक दवाखान्याकडे प्राधिकारपत्र आहे काय, प्रक्रिया केंद्राची गाडी वेळेवर येते काय, पिवळी पिशवी गावाच्या घंटागाडीत तर जात नाही ना, हे तीन प्रश्न प्रत्येक ग्रामपंचायत सदस्याने विचारावयास हवेत. रुग्णालयात हा कचरा हाताळणाऱ्या कामगारांना हातमोजे, बूट, प्रशिक्षण तसेच कावीळ-ब व धनुर्वात यांच्या लसी मिळणे हा त्यांचा हक्क आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांस एवढे अवश्य सांगावे : उकिरड्यावर पिवळी पिशवी दिसली तर तिला हात न लावता मोठ्यांना कळवा. माणसाच्या देहाचा अंश जेथे निष्काळजीपणे फेकला जात नाही, तेथे तो उचलणाऱ्या माणसाच्या जिवाचीही काळजी घेतली जाते.