अपस्मारावरील औषधांची सुरक्षितता : कोलकाता व बंगालमधील अभ्यास

अपस्मार, म्हणजेच बोलीभाषेतील फेफरे किंवा मिरगी, हा मेंदूतील विद्युत्-क्रियेत बिघाड होऊन वारंवार झटके येण्याचा विकार होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य औषधोपचार मिळाल्यास सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. मात्र ही औषधे अनेक वर्षे नियमितपणे घ्यावी लागतात. त्यामुळे त्यांच्या दुष्परिणामांचा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्रापुरता न राहता सार्वजनिक आरोग्याच्या धोरणाचाही ठरतो.

रोगाचा भार

कोलकाता शहरात २००३ ते २००८ या काळात ५२,३७७ नागरिकांचे सर्वेक्षण करण्यात आले. त्यात अपस्माराचे प्रमाण दर हजारी सुमारे ५.७ आढळले. या रुग्णांमधील मृत्युदर सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे अडीच पट होता. औषधांचा धोका मोजताना आजाराचा हा धोकाही विचारात घ्यावा लागतो.

फेनोबार्बिटलचा वाद

१९१२ पासून वापरात असलेले फेनोबार्बिटल हे अपस्मारावरील सर्वांत स्वस्त औषधांपैकी एक आहे. लहान मुलांमध्ये त्यामुळे चिडचिड व अतिचंचलता वाढते, या कारणास्तव विकसित देशांत त्याचा वापर मागे पडला. गरीब देशांतील मुलांना मग ते द्यावे काय, हा प्रश्न उपस्थित झाला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागात २ ते १८ वर्षे वयोगटातील ९४ मुलांवर चाचणी घेण्यात आली. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या निम्म्या मुलांना फेनोबार्बिटल, तर उर्वरित मुलांना फेनिटॉइन देऊन वर्षभर पाठपुरावा झाला. १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वर्तनविषयक दुष्परिणामांच्या बाबतीत फेनोबार्बिटल अधिक वाईट ठरले नाही. स्वस्त औषध केवळ भीतीपोटी नाकारणे योग्य नव्हे, असा या चाचणीचा अर्थ होतो.

प्रमुख औषधे व दुष्परिणाम

• फेनोबार्बिटल : सुस्ती, झोपाळूपणा, एकाग्रतेत घट.
• फेनिटॉइन : हिरड्या सुजणे, मात्रा थोडीशी वाढली तरी रक्तातील प्रमाण एकदम वाढून तोल जाणे, एकाची दोन दृश्ये दिसणे.
• कार्बामाझेपिन : अंगावर पुरळ, रक्तातील सोडियम कमी होणे, क्वचित त्वचेची प्राणघातक प्रतिक्रिया.
• व्हॅल्प्रोएट : वजन वाढणे, केस गळणे, क्वचित यकृतास इजा. गर्भावस्थेत घेतल्यास बाळाला जन्मजात व्यंग आणि बौद्धिक विकासात अडथळा येण्याचा मोठा धोका असतो. म्हणूनच मुली व प्रजननक्षम वयातील स्त्रियांना ते देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

पहिली तीन औषधे यकृतातील विकरांची क्रिया वाढवतात. परिणामी गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव कमी होऊ शकतो. दीर्घकालीन वापराने हाडेही ठिसूळ होण्याची शक्यता असते.

औषध अचानक बंद करण्याचा धोका

दुष्परिणाम जाणवताच रुग्णाने परस्पर औषध थांबवणे घातक ठरू शकते. त्यामुळे एकामागून एक न थांबणारे झटके येऊन जीव धोक्यात येतो. मात्रा कमी करणे वा औषध बदलणे हे डॉक्टरांच्या सल्ल्याने व टप्प्याटप्प्याने व्हावे लागते. अंगावर पुरळ उठल्यास मात्र विलंब न लावता डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते.

देखरेखीची यंत्रणा

औषध बाजारात आल्यानंतर त्याच्या दुष्परिणामांची नोंद व विश्लेषण करण्याच्या कार्यास औषधदक्षता म्हणतात. भारतात २००४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात कोलकात्याचे एस.एस.के.एम. रुग्णालय, तसेच मुंबई व नागपूर येथील वैद्यकीय महाविद्यालये प्रादेशिक केंद्रे होती. जुलै २०१० मध्ये 'भारतीय औषधदक्षता कार्यक्रम' सुरू झाला. २०११ पासून त्याचे समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे. डॉक्टर, परिचारिका व औषधविक्रेत्यांप्रमाणेच रुग्णही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर दुष्परिणामाची माहिती देऊ शकतात.

सारांश, पूर्णपणे निर्धोक असे औषध नसते. आजाराचा धोका, औषधाचा धोका आणि त्याची किंमत यांची प्रत्यक्ष पुराव्यांवर आधारित तुलना करणे, हाच सुरक्षित उपचाराचा पाया होय.