दक्षिणेचे दोन वाटे : संशोधनवृत्ती आणि ग्रंथभाषा

विद्वानाच्या योगक्षेमाची चिंता राज्याने वाहावी, ही कल्पना महाराष्ट्रात इंग्रजी अमदानीने आणलेली नाही. सेनापती दाभाड्यांनी तळेगावी चालविलेली श्रावणमासातील दक्षिणा पुढे पेशव्यांनी पुण्यास आणली, आणि पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ती ब्राह्मणांस वाटली जाऊ लागली. उत्तर पेशवाईत विद्येचा गौरव आणि सरसकट दान यांतील सीमारेषा फारशी उरली नव्हती. १८१८ नंतर एल्फिन्स्टन यांनी ही प्रथा मोडली नाही; ती वार्षिक ५०,००० रुपयांच्या मर्यादेत आणली. १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेलाही याच निधीचा आधार मिळाला.

येथवरचा इतिहास परिचित आहे. विचारात घ्यावयाचा तो त्यानंतरचा फाटा. १८४९ साली लोकहितवादी प्रभृती सुधारकांनी सरकारकडे अर्ज करून दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथनिर्मितीकडे वळवावा, अशी मागणी केली. पुण्यातील सनातनी मंडळी इतकी प्रक्षुब्ध झाली की, अर्जदारांच्या संरक्षणास जोतीराव फुले यांना आपली माणसे घेऊन उभे राहावे लागल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. पुढे त्याच निधीतून एल्फिन्स्टन व डेक्कन या महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमण्यात येऊ लागले. एकाच थैलीचे असे दोन वाटे झाले. पारितोषिक मराठीला मिळाले, वृत्ती महाविद्यालयाला. आणि महाविद्यालयाची भाषा इंग्रजी होती.

या वाटणीचे परिणाम दूरगामी ठरले. फेलोंच्या नामावळीत रामकृष्ण गोपाळ भांडारकर, महादेव गोविंद रानडे, काशिनाथ त्र्यंबक तेलंग अशी नावे आहेत. निवड वायफळ गेली असे कोणी म्हणणार नाही. परंतु संस्कृतापासून देशभाषांपर्यंतची परंपरा उलगडणारी भांडारकरांची १८७७ ची विल्सन व्याख्याने इंग्रजीत झाली. दक्षिणचा प्राचीन इतिहास त्यांनी इंग्रजीत लिहिला. तेलंगांचा गीतेचा गद्य अनुवाद १८८२ साली मॅक्समुल्लर यांच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. रानड्यांनी तर मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावाही इंग्रजीतच घेतला! मराठीविषयी अनास्था हे याचे कारण नव्हे. त्यांचा वाद युरोपातील पंडितांशी होता, आणि तो त्या पंडितांना कळेल अशाच भाषेत होणे भाग होते.

दुसऱ्या वाट्यात मराठीच्या पदरी मुख्यतः भाषांतर आले. कमिटीला हवे होते उपयुक्त, बोधपर, शुद्ध भाषेतील पुस्तक. नवे ज्ञान निर्माण करण्याची अपेक्षा मराठी लेखकाकडून नव्हतीच. वाङ्मयेतिहासकार या कालखंडाला भाषांतरयुग म्हणतात आणि त्याचे खापर पुष्कळदा लेखकांच्या दुबळ्या प्रतिभेवर फोडतात. पैसा कशासाठी ठेवला होता, हे आधी पाहिले असते तर हा निर्णय इतक्या घाईने दिला गेला नसता. जे या अपेक्षेत बसले नाही त्याचे काय झाले, याचे उदाहरण फुल्यांचे ‘तृतीय रत्न’. १८५५ मध्ये कमिटीकडे पाठविलेले हे नाटक नाकारले गेले. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहामुळे ते नाकारले, असे फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त लिहिले. ते छापून येण्यास १९७९ साल उजाडले. मराठी नाट्येतिहासाचा आरंभ एका समितीच्या नकारामुळे शतकाहून अधिक काळ चुकीच्या जागी मांडला गेला.

स्वातंत्र्योत्तर काळात ही वाटणी बदलली काय? १९४९ पासून केंद्र सरकारने राष्ट्रीय प्राध्यापकपद देण्यास आरंभ केला. चंद्रशेखर वेंकट रामन यांच्यापासून सुरू झालेल्या या परंपरेत महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचाही समावेश झाला. त्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत पूर्ण झाला, तो इंग्रजीत. मराठीत तो आला सारांशरूपाने, म्हणजे पुन्हा दुसऱ्याच वाट्यातून.

वेगळी वाट दाखविली ती वासुदेव विष्णु मिराशी यांनी. कलचुरी-चेदी लेखांचा त्यांचा संग्रह १९५५ साली भारत सरकारच्या पुरातत्त्व खात्याने प्रसिद्ध केला. तोही इंग्रजीत आहे. पण त्याच राजवंशावर मिराशींनी मराठीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. येथे मराठी वाचकाला उष्टे ज्ञान मिळत नाही. संशोधक स्वतः त्याच्याशी बोलतो.

मिराशींच्या त्या कलचुरींची राजधानी त्रिपुरी म्हणजे जबलपूरजवळचे तेवर. त्याच जिल्ह्यात, हिरन नदीच्या उगमाजवळ, कुंडम हा गोंडवस्तीचा तालुका आहे. कलचुरींनी ताम्रपट ठेवले, म्हणून त्यांना संपादक लाभला. गोंडांचे पुष्कळसे संचित मौखिक राहिले आणि पारितोषिकासाठी छापील वा लिखित ग्रंथ मागणाऱ्या कोणत्याही कमिटीपुढे ते जाऊ शकत नव्हते. २००५-०६ पासून अनुसूचित जमातींच्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची फेलोशिप आहे; तिची संख्या वर्षाला ७५० आहे. कुंडमच्या एखाद्या विद्यार्थ्याला ती मिळाली, तर त्याचा प्रबंध जबलपूरच्या विद्यापीठात हिंदीत वा इंग्रजीत सादर होईल. गोंडी अद्याप आठव्या अनुसूचीत नाही. त्याने आपल्या आजीकडून टिपून घेतलेली कथा त्या प्रबंधात बहुधा परिशिष्टात जाईल, तीही अनुवादाने.