नाडी लागते, पण डोळे उघडत नाहीत

या सदरात एरवी माणसांच्या तक्रारी असतात. आजचा रुग्ण टेबलाखाली धूळ खात बसणारा डबा आहे, आणि त्याची तक्रार घरोघरी एकाच वाक्यात सांगितली जाते: ‘बटन दाबलं की पंखा फिरतो, लाइट लागतो, पण डिस्प्ले येत नाही.’ ती ऐकताच आजूबाजूला दोन आवाज उठतात. एक म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. दुसरा म्हणतो, मदरबोर्ड गेला. पहिला थेट उपचार झाला, दुसरा थेट मृत्यूचा दाखला. तपासणी दोन्हींत नाही. माझा आक्षेप आहे तो याच घाईला. संगणक कुठपर्यंत जाऊन थांबला हे कळल्याशिवाय त्याच्यावर कोणताही इलाज करणं म्हणजे ताप आला म्हणून अपेंडिक्स काढण्यासारखं आहे.

मुळात पंखा फिरणं हा फारच दुबळा पुरावा आहे. हृदयाला स्वतःचा ठेका असतो, मेंदूनं हुकूम दिला नाही तरी ते धडधडतं. पंख्याचंही तसंच, त्याला १२ व्होल्ट मिळाले की पुरे. खरी साखळी मात्र लांब आहे. पुढचं बटन वीज जोडत नाही, ते मदरबोर्डला फक्त निरोप देतं. मग वीज पुरवणारा एसएमपीएस जागा होतो, १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे प्रवाह सुरू करतो आणि ते स्थिर झाले की साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत ‘वीज ठीक आहे’ असा इशारा मदरबोर्डला पाठवतो. तोवर प्रोसेसरला झोपवूनच ठेवलेलं असतं. इशारा मिळाल्यावर प्रोसेसर बायोसच्या सूचना वाचतो, रॅम आणि ग्राफिक्स तपासतो, मग डिस्क शोधतो, आणि सगळ्यात शेवटी विंडोजची पाळी येते. १२ व्होल्ट सुरू झाल्यानंतरची कोणतीही कडी तुटली तरी पंखा बहुधा आपला फिरतच राहतो. प्रोसेसरला वीज देणारी चार किंवा आठ पिनांची वेगळी वायर लावायची राहून गेली, तरी बाहेरून दिसणारं चित्र हेच.

मग पाहायचं काय? ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या न्यूरोसर्जन्सनी १९७४ साली बेशुद्धी मोजण्याची जी पद्धत दिली, ती इथे कामाला येते. रुग्ण ‘बेशुद्ध आहे’ एवढंच लिहून भागत नाही. डोळे उघडतो का, बोलतो का, हालचाल करतो का, हे तीन वेगवेगळे प्रश्न विचारायचे आणि दिसलं तेवढंच नोंदवायचं. संगणकाचे डोळे म्हणजे पडदा, वाचा म्हणजे बीप आणि हालचाल म्हणजे कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा. पडदा काळा आहे, पण कॅप्स लॉक दाबल्यावर दिवा लागतो-विझतो, तर प्रोसेसर बहुधा जिवंत आहे आणि संशय मॉनिटर, केबल किंवा ग्राफिक्स कार्डावर जातो. (वेगळं ग्राफिक्स कार्ड असताना केबल मदरबोर्डच्या सॉकेटात खोचलेली असणं हा आजार हास्यास्पद वाटतो, पण आधी तोच पाहावा.) बीपची भाषा प्रत्येक बायोसची निराळी असते, म्हणून तीन बीप म्हणजे अमुकच, असा ठोकताळा मांडू नये. मदरबोर्डचं पुस्तक पाहावं. नव्या बोर्डांत बऱ्याचदा स्पीकरच नसतो, त्याऐवजी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी नावं लिहिलेले बारीक दिवे असतात. जो दिवा लागून राहतो, तिथे गाडी अडलेली असते. डीडीआर ५ रॅम नवी बसवली असेल, तर पहिल्या वेळी पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. तेव्हा बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, आणि वैतागून बटन दाबणारा माणूस त्यात खोडा घालतो.

कंपनीचं चिन्ह दिसलं आणि मग ‘बूट डिव्हाइस सापडलं नाही’ अशा अर्थाची ओळ आली, तर रुग्ण शुद्धीवर आहे असं समजा. रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स बहुतेक निर्दोष आहेत. आधी मागे खोचून राहिलेला पेनड्राइव्ह काढा, मग बायोसमध्ये डिस्क दिसते का ते पाहा. घड्याळ दरवेळी मागे जात असेल, तर ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल संपत आला आहे, आणि बूटचा क्रमही त्यामुळेच बिघडलेला असू शकतो.

यावर कुणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशाला? फॉरमॅट मारला की सुटलो. त्याचं उत्तर १९ जुलै २०२४ या दिवसानं दिलं आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर आपटली. भारतातही विमानतळांवर काही प्रवाशांच्या हाती पेनानं लिहिलेले बोर्डिंग पास आले. त्या यंत्रांची वीज, रॅम, डिस्क सगळं धडधाकट होतं. अनेक ठिकाणी इलाज होता तो सेफ मोडमध्ये जाऊन एक सदोष फाइल पुसण्याचा. फॉरमॅटनंही ती यंत्रं उठली असती, फक्त सगळा डेटा गमावून. आणि पडदाच उजळत नसेल, तर फॉरमॅट मारणार तरी कुठून? तो आजार विंडोजपर्यंत पोचलेलाच नसतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सुटा भाग बदलून पाहणं हीसुद्धा तपासणीच नाही का? आहे. आयुर्वेदाच्या निदानपंचकात ‘उपशय’ म्हणतात तो हाच प्रकार. लक्षणांवरून रोग ओळखू येईना, तर औषध आणि आहार देऊन काय फरक पडतो ते बघायचं. पण एका वेळी एकच औषध. दुकानात रॅमला रबर मारतात आणि डिस्प्ले आला की श्रेय रबराला जातं. खरं तर रॅम काढून पुन्हा बसवतानाच संपर्कावरचा थर घासला जातो. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत हा थर सहज धरतो. म्हणून आधी नुसती काढून घट्ट बसवा. गुण आला नाही तरच पिना पुसा, रबराचा कीस मागे राहणार नाही असं पाहून. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. बाकी सगळं सोडवून एक रॅम, प्रोसेसर आणि पडदा एवढ्यावर यंत्र उठतं का ते पाहा, मग एकेक भाग जोडत जा. ज्याच्या येण्यानं ते पुन्हा झोपेल, तो गुन्हेगार. सेल काढून बायोस मूळपदावर आणणं हेही औषधच, आणि त्याला दुष्परिणाम आहेत. डिस्कची किंवा बूटची जुनी सेटिंग पुसली गेली, तर काल उठणारं विंडोजही आज रुसू शकतं. पडदा उजळत असेल, तर आधी असलेल्या सेटिंगचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

‘आम्हाला स्क्रू-ड्रायव्हर धरता येत नाही’ म्हणणाऱ्यांनी निदान रुग्णाचा इतिहास लिहावा: बिघाडाआधी काय बदललं, डबा हलवला का, विजा कडाडल्या का, अपडेट चालू होतं का. तंत्रज्ञाला ‘चालू होत नाही’ सांगण्यापेक्षा ‘चिन्ह दिसतं आणि मग अडतो’ असं सांगितलंत, तर त्याचा आणि तुमचा अर्धा दिवस वाचेल.

डबा उघडण्याआधी प्लग काढा. नुसतं बंद करून भागत नाही, प्लग असेपर्यंत बोर्डावर ५ व्होल्टची वीज असतेच. हात लावण्याआधी डब्याच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. एसएमपीएसचं झाकण मात्र कुणीही घरी उघडू नये. आतल्या कपॅसिटरांत सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास भार प्लग काढल्यानंतरही राहू शकतो. जळका वास आला, बोर्डावरच्या कपॅसिटरांची डोकी फुगलेली दिसली, किंवा डिस्क टकटक करू लागली, तर पुन्हा-पुन्हा बटन दाबू नका. टकटकणारी डिस्क प्रत्येक सुरुवातीला आणखी खरवडली जाऊ शकते. तिच्यातले फोटो हवे असतील तर ती तशीच काढून डेटा काढणाऱ्या जाणकाराकडे द्या.