नवी गाडी घेताना : कुठे बनली, कोणी बनवली?

२०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या चिरंजीवांनी नवी गाडी घ्यायचे ठरवले. दोन मुले, त्यांच्या सायकली आणि अधूनमधून आम्ही आजी-आजोबा, एवढे सगळे मावेल अशी गाडी त्याला हवी होती. एके दिवशी फोनवर म्हणाला, "बाबा, गाडी इथेच अमेरिकेत बनलेली आणि शक्यतो युनियनच्या कामगारांनी बनवलेली घ्यायची आहे. कशी ओळखायची?" मी चाळीस वर्षांहून अधिक काळ डेट्रॉइट परिसरात राहतो. निम्मे आयुष्य मोटारींच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज तपासण्यात गेले. तरीही मला चटकन उत्तर देता आले नाही. त्या निमित्ताने जमवलेली माहिती वाचकांपुढे ठेवत आहे.

आधी एक कबुली देतो. १९८४ साली मी पहिली नवी गाडी घेतली ती जपानी. त्याआधीच्या जुन्या अमेरिकन गाडीचे ट्रान्समिशन ऐन जानेवारीत हायवेवर गेले होते. पगार बेताचा आणि घरी तान्हे मूल, अशा वेळी कोणीही करील तोच हिशेब मी केला. आपल्या गणेशोत्सवाच्या दिवशी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये एक चक्कर मारा, म्हणजे असा हिशेब करणारा मी एकटाच नव्हतो हे दिसेल!

पण ती गाडी घरी आणली तेव्हा शेजारचे गृहस्थ बर्फ उपसत होते. ते एका मोटार कारखान्यात लाइनवर काम करीत, आणि १९८२ मध्ये कित्येक महिने ले-ऑफवर होते. गाडीकडे पाहून ते काही बोलले नाहीत. नेहमीप्रमाणे माझ्या दारापुढचाही बर्फ त्यांनी काढून दिला. ते न बोलणेच माझ्या लक्षात राहिले.

१९८२ हे साल आमच्या घरात दुसऱ्या कारणानेही विसरले जात नाही. वडील लालबागच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर कधी मिटलाच नाही. वडिलांची नोकरी गेली ती गेलीच. त्यांच्या निळ्या पत्रांत तक्रार नसे, फक्त "पाठवलेले पैसे मिळाले" एवढेच असे.

त्याच वर्षी जून महिन्यात इथे डेट्रॉइटला लागून असलेल्या हायलँड पार्कमध्ये व्हिन्सेंट चिन या २७ वर्षांच्या चिनी वंशाच्या तरुणाला मोटार उद्योगातल्या दोघांनी बेसबॉल बॅटने मारले. चार दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. जपानी गाड्यांमुळे नोकऱ्या जातात हा राग त्या काळी हवेत होता, आणि तो निघाला एका निरपराध माणसावर. मारेकऱ्यांना तुरुंगवास झाला नाही. प्रोबेशन आणि ३,००० डॉलर दंड एवढ्यावर सुटका झाली. त्या दिवसांत आम्ही मित्रमंडळी रात्री एकटेदुकटे बाहेर पडत नव्हतो. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, कोणाच्या भीतीने किंवा कोणाला देशभक्ती दाखवण्यासाठी गाडी निवडू नये. समजून-उमजून निवडावी.

१. नावावर जाऊ नका

कंपनीचे नाव आणि गाडीची जन्मभूमी यांचा संबंध आता फारसा उरलेला नाही. होंडाने १९८२ मध्ये ओहायोतील मेरिसव्हिल येथे अकॉर्ड बनवायला सुरुवात केली. टोयोटाची कॅमरी १९८८ पासून केंटकीतील जॉर्जटाउनमध्ये बनते. हजारो अमेरिकन कुटुंबे या कारखान्यांवर जगतात, मात्र तिथे युनियन नाही. उलट फोर्डचा मॅव्हरिक हा ट्रक २०२१ पासून मेक्सिकोत बनत आला आहे, आणि बुइकची एन्व्हिजन २०१६ पासून चीनमधून आयात होऊन इथे विकली गेली. टेस्ला कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे गाड्या बनवते. त्याच जागी १९८४ ते २०१० या काळात जनरल मोटर्स आणि टोयोटा यांचा संयुक्त कारखाना होता आणि तिथले कामगार युनियनचे सभासद होते. टेस्लाच्या काळात तिथे युनियन नाही.

थोडक्यात, प्रश्न दोन आहेत. गाडी कुठे जोडली गेली? आणि जोडणाऱ्यांना युनियन आहे का? एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर मिळत नाही.

२. तीन ठिकाणी पाहा

(अ) खिडकीवरचे लेबल. १९९२ च्या कायद्यानुसार १९९४ च्या ऑक्टोबरपासून प्रत्येक नव्या गाडीवर हे लेबल असते. अंतिम जोडणी कोणत्या गावी झाली, इंजिन आणि ट्रान्समिशन कोणत्या देशाचे, आणि सुट्या भागांपैकी किती टक्के अमेरिका व कॅनडाचे, हे त्यावर दिलेले असते. दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक म्हणजे अमेरिका आणि कॅनडा यांची टक्केवारी एकत्रच दिलेली असते. दुसरी, हा आकडा त्या मॉडेलचा असतो, तुमच्यासमोरच्या नेमक्या गाडीचा नव्हे.

(ब) व्हिन नंबर. हा १७ अक्षर-अंकांचा नंबर ड्रायव्हरच्या बाजूला काचेखाली दिसतो. पहिला अंक १, ४, ५ किंवा ७ असेल तर गाडी अमेरिकेत बनलेली, २ असेल तर कॅनडात, ३ असेल तर मेक्सिकोत. 'जे' अक्षर असेल तर जपानमध्ये आणि 'के' असेल तर दक्षिण कोरियात. अकरावे अक्षर कारखाना सांगते. हे पाहणे का जरुरीचे, त्याचे उदाहरण म्हणजे शेव्हरोलेचा सिल्व्हेराडो १५०० ट्रक. २०२१ नंतर तो इंडियानातील फोर्ट वेन, कॅनडातील ओशावा आणि मेक्सिकोतील सिलाओ अशा तिन्ही ठिकाणी बनला. एकाच डीलरकडे शेजारी-शेजारी उभे असलेले दोन ट्रक दोन देशांचे असू शकतात!

(क) युनियनची यादी. लेबलवर युनियनचा उल्लेख नसतो. युनायटेड ऑटो वर्कर्स, म्हणजे यू.ए.डब्ल्यू., आपल्या सभासदांनी बनवलेल्या गाड्यांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करते. ती यादी आणि व्हिन नंबर सोबत ठेवून पाहिले की उत्तर मिळते.

३. युनियनने काय फरक पडतो?

यू.ए.डब्ल्यू. १९३५ मध्ये स्थापन झाली. १९३६-३७ च्या हिवाळ्यात मिशिगनमधील फ्लिंट येथे कामगार जनरल मोटर्सच्या कारखान्यांतच ४४ दिवस ठाण मांडून बसले, तेव्हा कंपनीने युनियनला मान्यता दिली. १९५० च्या करारात कामगारांना पेन्शन मिळाले आणि वैद्यकीय विम्यात कंपनीचा वाटा आला. आज आपण नोकरी घेताना विम्याची चौकशी आधी करतो. ती प्रथा रुजवण्यात अशा करारांचा मोठा हात आहे.

२०२३ मध्ये फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलांटिस या तिन्ही कंपन्यांत सुमारे सहा आठवडे संप झाला. कामगारांना २०२८ पर्यंतच्या करारात टप्प्याटप्प्याने २५ टक्के पगारवाढ मिळाली. पुढे लगेच होंडाने, युनियन नसतानाही, आपल्या कामगारांचा पगार ११ टक्के वाढवला. म्हणजे युनियनचा फायदा कुंपणापलीकडेही पोहोचतो.

माझ्या शेजाऱ्यांना पुढे कामावर परत बोलावले गेले. १९९१ मध्ये त्यांच्या पत्नीला कॅन्सर झाला. दोन ऑपरेशने आणि महिनोन्महिने उपचार झाले, पण घर विकायची पाळी आली नाही. खर्च करारातल्या विम्यातून झाला. एकदा अंगणात ते मला म्हणाले होते की युनियनची वर्गणी देताना कुरकुर करायचो, आता करीत नाही. मला तेव्हा वडील आठवले. संप हरलेल्या कामगाराच्या घरात आजारपण कसे निघते, ते मी पाहिले होते.

४. टॅक्सचा मुद्दा

२०२५ च्या नव्या कायद्याने, ३१ डिसेंबर २०२४ नंतर घेतलेल्या कर्जाचे व्याज वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत उत्पन्नातून वजा करता येते. ही सवलत २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी आहे. गाडी नवी, स्वतःच्या वापरासाठी आणि अंतिम जोडणी अमेरिकेत झालेली हवी. लीज चालत नाही. रिटर्नवर व्हिन नंबर लिहावा लागतो. युनियनची अट नाही, त्यामुळे जॉर्जटाउनची कॅमरीही चालते.

पण डीलर सांगेल तेवढे हे मोठे नाही. ३०,००० डॉलरचे कर्ज ६ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतले तर पहिल्या बारा महिन्यांचे व्याज सुमारे १,६५६ डॉलर होते. २२ टक्क्यांच्या ब्रॅकेटमध्ये टॅक्स वाचतो सुमारे ३६४ डॉलर. शिवाय पती-पत्नींचे एकत्रित उत्पन्न २ लाख डॉलरच्या वर गेले (एकट्याचे १ लाखाच्या वर) की दर हजारामागे २०० डॉलरची वजावट कमी होते. वरील उदाहरणात २ लाख ९ हजार उत्पन्न असलेल्या जोडप्याला काहीच मिळणार नाही. दोघेही नोकरी करणाऱ्या आपल्या बऱ्याच घरांनी हे आधी तपासावे, आणि आपल्या अकाउंटंटला विचारावे.

५. घरचा हिशेब

सगळे पाहूनही गाडी परवडली पाहिजे आणि टिकली पाहिजे. त्या मॉडेलचा दुरुस्तीचा इतिहास, विम्याचा हप्ता आणि पाच वर्षांनंतरची किंमत पाहावी. बेताच्या पगारावर जुनी टिकाऊ जपानी गाडी घेणाऱ्या विद्यार्थ्याला मी आजही नावे ठेवणार नाही. पण ज्यांना चार गाड्यांतून निवडायची ऐपत आहे, त्यांनी यादीत हा एक प्रश्न जरूर घालावा.

चिरंजीवांनी शेवटी लॅन्सिंगजवळ बनलेली शेव्हरोले ट्रॅव्हर्स घेतली. व्हिनचा पहिला अंक १, आणि यू.ए.डब्ल्यू.चा कारखाना. जपानी गाडीपेक्षा हप्ता थोडा जास्त बसला, हे लपवत नाही. गाडी घेऊन तो आमच्याकडे आला तेव्हा नातवाने काचेखालचा नंबर मोठ्याने वाचून दाखवला. सौभाग्यवतींनी बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, चाकाखाली लिंबू ठेवले. मी मनात वडिलांना आणि शेजारच्या गृहस्थांना नमस्कार केला.

चूकभूल द्यावी घ्यावी.