तळमळ आणि अनुसंधान

चंडीगढच्या वायव्येस, गुरदासपूर जिल्ह्यात घुमान हे गाव आहे. संत नामदेवांनी (१२७०–१३५०) आपल्या उत्तरायुष्यातील बराच काळ येथे व्यतीत केला, अशी परंपरा आहे. २०१५ साली ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथेच भरले होते. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. त्यांतील दोन पदे शेजारी ठेवून वाचली, म्हणजे ईश्वरसान्निध्याची ओढ ही एक साधना कशी होते, हे ध्यानात येते.

राग गोंडमधील पदात वासराविना एकाकी झालेली गाय आहे, पाण्याविना तडफडणारा मासा आहे. या अवस्थेला नामदेव ‘तालाबेली’ म्हणतात. आपली ‘तळमळ’ तिला पुष्कळ जवळची. येथे विरह सर्वांगाला व्यापून आहे, दुसरे काही सुचत नाही. राग रामकलीतील पदात तीच गाय पुन्हा येते. पण आता ती पाच कोसांवर चरत आहे आणि चित्त मात्र वासरापाशी आहे. मुलगा सवंगड्यांशी बोलत पतंग उडवितो, लक्ष दोरीवर असते. पाणी भरून निघालेल्या तरुणी हसतात, थट्टा करतात, परंतु घागर ढळू देत नाहीत. आई घरकामात गुंतलेली असूनही पाळण्यातील बाळाला विसरत नाही. तळमळ येथे ओसरलेली नाही. ती जागृतीत मुरली आहे. कोणते पद आधीचे, हा प्रश्न येथे गौण मानावा.

उत्तरेकडील संतांच्या ‘सुरति’ या शब्दासाठी मराठीत ‘ध्यान’ योजण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. ध्यानाला आसन लागते, एकान्त लागतो. ‘अनुसंधान’ बाजारातही टिकते.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. ज्याचे पोट हातावर आहे त्याला ही वाट मोकळी आहे की नाही, हा खरा प्रश्न. आदिग्रंथातील कबीरांच्या श्लोकांत त्रिलोचन नामदेवांना नेमके हेच विचारतात: कापडावर छापे उठवीत बसतोस, रामाकडे चित्त का लावीत नाहीस? नामदेवांचे उत्तर असे, की मुखाने राम आठवावा, हातापायांनी काम करावे आणि चित्त निरंजनापाशी ठेवावे. छापकाम सोडण्याची भाषा त्या उत्तरात कोठेही नाही.