नाताळची सुटी आणि निराधार बालकांची सेवा

नाताळ हा एका बालकाच्या जन्माचा सण होय. ज्या बालकाच्या आईस उतारशाळेंत जागा मिळाली नाहीं आणि ज्यास जन्मतांच गव्हाणींत निजावें लागलें, त्याची आठवण ज्या दिवशीं करावयाची, त्या दिवशीं घरावांचून असलेल्या मुलांची आठवण व्हावी हें स्वाभाविकच आहे. म्हणूनच डिसेंबर उजाडला कीं बालगृहांच्या दारीं पाहुण्यांची ये-जा वाढते. कोणी मिठाई आणतो, कोणी कपडे आणतो. दूरदेशींचे तरुण खास या सेवेसाठीं सुटी काढून आपल्या देशांत येतात. परदेशीं स्थायिक झालेलीं मराठी कुटुंबेंहि गांवीं आलीं म्हणजे आपल्या मुलांस घेऊन एखाद्या आश्रमांत एक दिवस घालवितात. या सर्वांचा हेतु चांगला आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु हेतु चांगला असला म्हणजे कृतीहि चांगली होतेच, असा नियम नाहीं. यास्तव या लेखांत आम्ही अशा सेवेचा थोडा विचार करणार आहों, आणि उदाहरणें शक्य तोंवर आपल्या वर्धा जिल्ह्याच्या आसपासचींच घेणार आहों.

पहिला प्रश्न असा कीं, निराधार कोणास म्हणावें? ‘अनाथ’ हा शब्द कानीं पडतांच आईबाप दोघेहि वारलेलें मूल आपल्या डोळ्यांसमोर उभें राहतें. वास्तविक जगांतील अनाथालयांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांची आई किंवा बाप, निदान एकजण तरी, हयात असतो. मुलास घरापासून दूर करतें तें पुष्कळदां मरण नसून दारिद्र्य असतें. आपल्याच जिल्ह्याकडे पाहावें. नाताळचे दिवस म्हणजे येथें कापूस वेचणीचे दिवस. सकाळीं ओटी बांधून शेतांत गेलेली आई दिवस मावळतां परत येते, आणि धाकट्या भावंडांस सांभाळण्याकरितां मोठी मुलगी शाळेस मुकते. विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें २००६ सालीं पंतप्रधानांनीं मदतीची योजना जाहीर केली, त्यांत वर्धा जिल्हाहि होता. ज्या घरांतील कर्ता पुरुष असा गेला, तेथील आई मुलास एखाद्या संस्थेंत ठेवते ती मायेच्या अभावीं नव्हे. दोन वेळचें अन्न व शाळा यांची सोय तिला एकटीला करवत नाहीं म्हणून. अशा मुलास दुसरें घर नको असतें. त्याचेंच घर उभें राहण्यास हात हवा असतो. महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना याच विचारावर उभी आहे. मूल संस्थेंत न ठेवतां कुटुंबांत वाढावें म्हणून तींत दरमहा अनुदान दिलें जातें.

ही गोष्ट ध्यानीं न घेतल्यास दानाचा उलटा परिणाम होतो. कांहीं देशांत परदेशी पाहुणे अनाथ मुलांस भेटण्यास येऊं लागले, त्यांच्यामागून पैसा येऊं लागला, आणि मग खोल्या भरण्यासाठीं गरिबांचीं मुलें आईबापांपासून तोडून आणण्याचा धंदा सुरू झाला. ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या समितीनें २०१७ सालीं या अनर्थाची दखल घेतली. पुढें २०१९ च्या डिसेंबरांत, नाताळास जेमतेम आठवडा उरला असतां, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेंहि अनाथालयांतील अशा स्वयंसेवेच्या दुष्परिणामांविषयीं सर्व राष्ट्रांस सावध केलें.

दुसरा प्रश्न मुलाच्या मनाचा. रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथें इ. स. २००० पासून शास्त्रज्ञांनीं संस्थांत वाढणाऱ्या १३६ लहान मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांपैकीं कांहीं मुलें पालक-कुटुंबांत ठेविलीं होतीं. संस्थेंतच राहिलेल्या मुलांहून या मुलांची बुद्धि व स्नेहभाव अधिक चांगले वाढले. आणि जीं मुलें दोन वर्षांचीं होण्यापूर्वीं कुटुंबांत गेलीं, त्यांस याचा विशेष लाभ झाला. यावरून बोध घ्यावयाचा तो हा, कीं बालकास अन्नवस्त्राइतकीच एका ओळखीच्या, नित्य भेटणाऱ्या माणसाची गरज असते. आठ दिवस अंगाखांद्यावर खेळविणारा पाहुणा नवव्या दिवशीं निघून गेला, म्हणजे ज्यानें एकदां सर्व गमावलें आहे त्या मुलास पुन्हां एकदां गमवावें लागतें. पाहुण्याच्या मनांत गोड आठवण राहते; मूल मात्र दाराकडे पाहत बसतें.

तर मग बाहेरून येणाऱ्यानें सेवा करूंच नये काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. येऊन जाणें आणि येऊन राहणें यांतील भेद ओळखावा, एवढेंच आम्हांस सुचवावयाचें आहे.

१८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. वर्धा जिल्हा त्या काळीं मध्यप्रांतांतच मोडत असे. पंडिता रमाबाई तेव्हां पुण्यास शारदासदन चालवीत होत्या. त्यांचे स्वतःचे आईबाप दुष्काळांतच गेले होते; भूक म्हणजे काय, हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या आणि शेकडों निराधार मुलींस त्यांनीं आपल्याकडे आणिलें. पुढें केडगांवच्या मुक्तिसदनांत मुलींस लिहिण्यावाचण्यासोबत शेती, विणकाम व छपाई हे उद्योगहि शिकविले जाऊं लागले. तेथें रमाबाईंच्या साहाय्यास परदेशीय स्त्रिया आल्या. अमेरिकेच्या मिनी एब्रम्स या त्यांपैकीं एक. त्या सणापुरत्या आल्या नव्हत्या. वर्षानुवर्षें तेथें राहून काम करीत होत्या.

दुसरें उदाहरण वर्धा शहराजवळील सेवाग्रामचें. १९३८ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थानी तालीमी संघाचें काम श्री. आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्यानें अंगावर घेतलें. आर्यनायकम् हे मूळचे सिंहलद्वीपाचे. खेड्यांतील गरीब मुलांस सूतकताई, शेती, सफाई अशा हातच्या कामांतूनच विद्या द्यावी, असा नई तालीमचा मार्ग होता. मार्जरी साइक्स ही इंग्रज बाई १९२८ सालीं शिक्षिका म्हणून मद्रासेस आली होती; १९४९ पासून सुमारें दहा वर्षें तिनें सेवाग्रामांत शिक्षक तयार करण्याचें काम केलें. ती या देशाच्या भाषा शिकली, आणि पुढें तिनें भारताचें नागरिकत्वहि घेतलें. ज्या शिक्षकास उद्यां, परवां आणि पुढील वर्षींहि त्याच मुलांत राहावयाचें, त्याचेच हात बळकट करावे, हें या परदेशी बाईनें पत्करलेलें काम ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

तिसरें उदाहरण तर आपल्या मातींतीलच. सिंधुताई सपकाळ यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९४८ रोजीं वर्ध्यानजीक पिंपरी मेघे येथें झाला. चौथीपलीकडे शिक्षण नाहीं, सासरचें घर तुटलेलें, पदरीं तान्ही मुलगी; अशा स्थितींत ही बाई रस्त्यावरच्या मुलांची आई झाली. आपली व परकी असा भेद मनांत शिरूं नये म्हणून तिनें पोटची मुलगी पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपति संस्थेच्या स्वाधीन केली. २०२१ सालीं तिला पद्मश्री मिळाली आणि ४ जानेवारी २०२२ रोजीं ती वारली. तिच्यापाशीं देण्यास प्रथम कांहींच नव्हतें. ती मुलांना सोडून गेली नाहीं, हेंच तिचें देणें.

विद्यार्थिमित्रांनो, या विचारांतून नाताळच्या सुटीसाठीं कांहीं नियम निघतात. एखाद्या बालगृहांत जावयाचें झाल्यास २०१५ च्या किशोर न्याय अधिनियमाप्रमाणें त्याची नोंदणी आहे काय, हें वडिलांकरवीं विचारून घ्यावें. काय हवें, हें तेथील चालकांस विचारावें. मिठाईपेक्षां वह्या, साबण वा पांघरुणें यांची निकड पुष्कळदां अधिक असते. तेथील मुलांचीं छायाचित्रें काढून लोकांत पसरवूं नयेत. अशा मुलांची ओळख वृत्तपत्रांतून वा अन्य मार्गानें उघड करण्यास याच कायद्याची मनाई आहे. ‘पुन्हां येऊं’ असें वचन पाळतां येत असेल तरच द्यावें. आणि जमल्यास एका दिवसाचा समारंभ न करतां दर शनिवारीं एक तास वाचन किंवा गणित शिकविण्याचें व्रत परीक्षेपर्यंत चालवावें. पंचवीस डिसेंबरास दिलेला लाडू त्याच दिवशीं संपतो; पाढे मात्र जन्मभर सोबत करतात.

पालकांसहि आमची एक विनंति आहे. आपल्या आळींत वा शेतावर एखादी एकटी आई मुलांस वाढवीत असेल, तर तिला बालसंगोपन योजनेची माहिती द्यावी, अर्ज लिहून द्यावा, कचेरींत सोबत जावें. संकटांत सांपडलेलें मूल दिसल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावें. मुलास आईजवळच राहतां यावें अशी तजवीज करणें, ही बालगृहास देणगी देण्याइतकीच, किंबहुना तीहून मोठी सेवा होय.

बेथलेहेमच्या त्या बालकाजवळ दूरदेशींचे मागी भेटी घेऊन आले आणि आपल्या देशीं परत गेले. त्यांच्या भेटी मोलाच्या होत्या खऱ्या; परंतु बालक वाढलें तें नासरेथच्या सुताराच्या घरीं, रोजच्या भाकरीवर आणि रोजच्या मायेवर. भेट देणारे पुष्कळ मिळतात. नाताळ सरल्यावर, जानेवारीच्या एखाद्या साध्या शनिवारींहि जो त्याच मुलांकडे पुन्हां जातो, त्याचीच सेवा खरी होय.